तेरा अंशांच्या खोलीतल्या सहा बाटल्या

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात पाच नोंदी आहेत आणि त्यांतली तिसरी खोटी आहे. त्या दिवशी तोंडात जी चव आली ती मी बरोबर लिहिली. खोटं आहे ते तिच्याखाली लिहिलेलं कारण. ते कारण एका माणसाने खरं मानलं, चौदा वर्षं स्वतःला दोष दिला आणि आपल्या नाकावरचा विश्वास सोडला. ते नाक माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून हे लिहिणं आणखी जड जातं.

मी जळगावात फळांचा गर काढणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. आंबा, पेरू, केळी, टोमॅटो. सकाळी नऊला पहिला चमचा तोंडात जायचा तो संध्याकाळपर्यंत. गोडी किती, आंबटपणा किती, डबा सहा महिने टिकेल की नाही, हे सांगणं माझं काम. यंत्रं आकडे द्यायची, पण शेवटी साहेब विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" मी जे म्हणेन ते व्हायचं. माणसाला याची सवय लागते.

साधारण चोवीस वर्षांपूर्वी कारखान्याने इटलीहून गर काढायचं नवीन यंत्र घेतलं. ते बसवायला तीन फिटर आले आणि थंडीचे दोन महिने राहिले. त्यांचा मुख्य फिटर पन्नाशीचा होता, अंगाने दांडगा, हात घणासारखे. त्याचं घर उत्तरेकडच्या डोंगराळ भागात होतं, जिथे बारोलो नावाची लाल वाइन होते. विमानातून माणशी दोन बाटल्या आणता येत होत्या, म्हणून तिघांनी मिळून सहा आणल्या होत्या. यंत्र सुरू झालं की एक उघडायची आणि बाकीच्या आम्हाला द्यायच्या, असा त्यांचा बेत होता.

कारखान्याला केळी पुरवणाऱ्यांत सावद्याकडचे एक बागाईतदार होते. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. ते मला भाऊ म्हणत. आबांनी त्या तिघांना वांग्याच्या भरिताचं जेवण दिलं. इटालियन फिटरने कळण्याची भाकरी आणि भरीत असं खाल्लं की आबांची आई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या म्हणाल्या, "ह्याले याच्या घरी कोणी वाढत नई वाटतं."

जेवणानंतर आबांनी कौतुकाने आपली नवी थंड खोली दाखवली. परिसरात तेव्हा अशा खोल्या फार नव्हत्या. पिकवलेली केळी उत्तरेकडे पाठवण्याआधी ती तिथे तेरा अंशांवर ठेवत. त्याहून गार झालं तर साल काळी पडते आणि त्याहून गरम झालं तर केळं पिकण्यात पुढे पळतं. फिटर आत गेला आणि घामेजल्या भिंतीला तळहात लावून डोळे मिटून उभा राहिला. "कांतिना," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्याच्या घराखाली वडिलांचं वाइनचं तळघर होतं. तसाच अंधार, तशीच ओल, तेवढेच अंश. बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात बारोलो जगेल अशी जागा आमच्या जिल्ह्यात असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती केळीच्या खोलीत निघाली.

पहिली बाटली आम्ही तिथेच, खोलीला लागून असलेल्या आबांच्या ऑफिसात उघडली. अक्कांना सांगितलं की हे इटलीचं औषध आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण मद्य पिण्यासाठी मी काढलेल्या परवान्यावर सरकारनेच 'आरोग्य रक्षणासाठी' असं छापलं होतं. नंतर आबांनीही तसा परवाना काढला. वाइन तुरट निघाली. हिरड्या आवळल्या, जीभ टाळूला चिकटली. मी प्रयोगशाळेच्या भाषेत काहीतरी बोललो. आबा तोंड वाकडं करून म्हणाले, "केळीचा चीक लागेल हाये याले. हे कच्चं हाये भाऊ. घड चांगला हाये, पण लवकर तोडला."

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर फिटर खुर्चीतून उठला आणि त्याने आबांच्या पाठीवर थाप मारली. अगदी बरोबर, तो म्हणाला. ही वाइन लहानपणी अशीच असते. तिचा तुरटपणा हीच तिची हाडं, तो हळूहळू मऊ होतो, तिला थांबावं लागतं. मग त्याने नियम घालून दिला. दर पाच वर्षांनी एकच बाटली. उघडण्याआधी दोन दिवस उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. आधी पांढऱ्या कागदासमोर रंग बघायचा, मग वास, मग चव, आणि घोट गिळल्यावर ती तोंडात किती वेळ राहते तेही बघायचं. दोघांनी मिळून लिहायचं आणि त्याला पत्राने कळवायचं. पाच बाटल्या आबांच्या स्वाधीन करून ते तिघे गेले.

चव किती वेळ राहते हे मोजायला आबांनी आपली पद्धत काढली. घड्याळ बघण्याऐवजी ते घोट गिळून ऑफिसातून फाटकाकडे चालू लागत. चव जाईल तिथे थांबायचं. पहिल्या वेळी ते फाटकाआधीच्या कडुनिंबापाशी थांबले होते. पाच वर्षांनी दुसरी बाटली उघडली तेव्हा ते फाटकाबाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कालव्यावर उभे राहून हात हलवत राहिले. परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं?"

"काही नई. भाऊ, हिच्यात गुलाब हाये. सुकेल गुलाब, हारातला. अन् डांबर. नवा रस्ता करतात ना, तसा वास. नव्या रस्त्यावर कोणी हार टाकून गेला जसा."

मी हसलो. माझ्या नोंदीत 'पिकलेल्या लाल फळाचा वास, आंबटपणा मध्यम, तुरटपणा कमी झाला आहे' असं होतं. आबांचा हट्ट म्हणून त्यांचं वाक्यही लिहिलं आणि पत्रातही घातलं. महिन्याभरात फिटरचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की बारोलो ओळखणारी जुनी माणसं तिची ओळख याच दोन शब्दांनी सांगतात, डांबर आणि गुलाब. तुमच्या मित्राला हे कोणी शिकवलं?

कोणीच शिकवलं नव्हतं. केळीच्या खोलीचं दार उघडलं की कोणत्या थराचं केळं उद्या रंग धरणार हे आबा वासावरून सांगत. लहानपणापासून तेच काम. मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते लाजले आणि चहा आणायला सांगत उठून गेले. मला आनंद झाला, आणि आनंदाखाली आणखी काहीतरी झालं. इतकी वर्षं मी जिभेवर पगार घेत होतो आणि त्या फिटरने माझ्या वाक्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नाही. आता करतो.

तरीही ते दिवस मला फार आवडतात. मी जळगावच्या मेहरूण भागात राहत होतो. स्कूटरवरून तलावाला वळसा घालून निघायचो, भुसावळ ओलांडलं की हवेत केळीच्या खांबांचा ओला, हिरवा वास यायचा. बाटलीचा दिवस पाच वर्षांतून एकदाच यायचा, पण तिच्या निमित्ताने महिन्यातून एकदा तरी मी जायचो. खोलीत जाऊन दोघंही बाटल्यांना हात लावून यायचो. आजाऱ्याचं कपाळ बघावं तसं.

मग माझ्या मुलीचं लग्न जुळायला लागलं. स्थळ पुण्याचं. मुलाचे वडील परदेशी हिंडलेले, वाइनचे शौकीन आहेत असं मध्यस्थाने दोनदा सांगितलं. मला वाटलं, जळगावचा माणूस आपल्यासमोर बारोलो ठेवतो हे त्यांनी बघावं. आबा तेव्हा दिल्लीला बाजारात गेले होते. खोलीची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी न विचारता दोन बाटल्या काढल्या. एकच घेऊन पाहुण्यांसमोर जाणं मला कंजूषपणाचं वाटलं. विचारलं असतं तर आबा नाही म्हणाले नसते, पण 'पाच वर्षं झाली नाहीत अजून' असं म्हणाले असते. तेवढंही मला ऐकायचं नव्हतं.

महिना मे होता. पाहुणे रविवारी येणार होते. शनिवारी फोन आला की त्यांच्या भावकीत मयत झाली आहे, सुतक फिटल्यावर येऊ. दरम्यान आबा दिल्लीहून परतले. आता बाटल्या परत नेल्या असत्या तर त्यांच्या देखत न्याव्या लागल्या असत्या. मी त्या वरच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवल्या. घरात नातेवाईक येऊन राहिले होते, खाली ठेवणं शक्य नव्हतं, आणि फ्रीजमध्ये दुधाशेजारी दारू ठेवायला पत्नीची ठाम ना होती. वर स्लॅब तापायचा. दिवसा सहा-सहा तास वीज नसायची.

पत्नी सोनगीरकडची, तिच्या तोंडात अहिराणी. एका दुपारी ती वरून खाली आली आणि म्हणाली, "बाटल्यास्ले हात लावाले येत नही, इतल्या तपेल शेतस. हाई पाहुणासले पाजशात का त्यासना अंगवर टाकशात?"

मी ओलं गोणपाट गुंडाळलं. संध्याकाळपर्यंत ते वाळून खडखडीत व्हायचं. सतरा दिवस असे गेले. पाहुणे आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी हात जोडले. वर्षापूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून थेंबही नाही, म्हणाले. त्यांनी दोन ग्लास ताक घेतलं आणि लग्न ठरलं.

दोन्ही बाटल्यांची बुचं केसभर वर आली होती आणि एकीच्या गळ्याशी चिकट ओघळ होता. मी तो कापसाने पुसला. आबा एका लग्नाला गेले असताना बाटल्या परत ठेवल्या, आणि त्या लवकर कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून मागच्या ओळीत ठेवल्या.

केळीवाल्याशी इतकी वर्षं मैत्री असून एवढी गोष्ट मला सुचली नाही. केळीच्या खोलीत आधी आलेला माल मागे असतो, म्हणून माल नेहमी मागून काढतात. पुढल्या हिवाळ्यात तिसऱ्या बाटलीचा दिवस आला तेव्हा आबांनी सवयीने हात मागे घातला आणि त्या दोघींतली एक उभी करून ठेवली. मी पोचलो तेव्हा गाळ बसून दोन दिवस झाले होते.

पेल्यात ओतताच मला कळलं. रंग मधोमध तपकिरी झाला होता. वास मनुकांचा, गूळ करपल्याचा. चव आधी गोडसर आणि मग एकदम पोकळ. आबांनी नाक पेल्यात घातलं, काढलं, परत घातलं.

"भाऊ, हे शिजेल हाये."

"म्हणजे?"

"हे उन्हात राहेल हाये. आपल्या खोलीतलं नई हे. उन्हाचा वास येतो ना याले. पत्र्याखाली केळी राहिली म्हंजे येतो तसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता. ते मला नुसतं विचारत होते, जसे साहेब विचारायचे. मी तेव्हा 'हो आबा, माझ्याकडून चूक झाली' एवढं म्हणायला हवं होतं. फार तर त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या. पण मी पेला खाली ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हणालो, "ऊन कुठून येईल इथे? हा गॅसचा परिणाम आहे."

शेजारच्या खोलीत केळी पिकवायला इथिलीन गॅस सोडत आणि त्याची नळी आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीवरून जात होती. मी म्हणालो की नळी कुठेतरी बारीक गळत असणार. ज्या गॅसने केळं चार दिवसांत पिकतं, त्याने वाइनही वयाआधी पिकली. इथिलीन जिवंत फळावर काम करतं. काचेच्या आत, बुचाखाली असलेल्या वाइनला ते काहीही करत नाही. हे मला तेव्हाही पाठ होतं. पण केळीवाल्याला पटेल असं याहून चांगलं कारण जगात नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य त्या गॅसवर चाललं होतं.

आबांनी खात्रीसाठी दुसरी बाटली उघडली. तीही मागचीच. तशीच निघाली.

"दोन्ही नळीजवळच्या," मी म्हणालो. "पुढच्या दोन कदाचित वाचल्या असतील."

आबांनी पेला कागदासमोर धरून रंग परत बघितला. मग म्हणाले, "म्हंजे मीच पिकवल्या."

"असं होतं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी तिसरी नोंद लिहिली. 'साठवणुकीच्या खोलीत गॅसची गळती, अकाली परिपक्वता.' आबांनी दुसऱ्याच दिवशी नळी बदलली. उरलेल्या दोन बाटल्यांसाठी थर्माकोलची वेगळी पेटी करवून घेतली. आणि मला म्हणाले की इटलीला पत्र लिहा, त्या माणसाने विश्वासाने दिल्या होत्या, त्याला सांगायला हवं. मी म्हटलं, कशाला? ते म्हणाले, "सांगायला नको? त्याच्या घरची चीज हाये." त्यांच्या नावाने मी इंग्रजीत पत्र लिहिलं. माझ्या हलगर्जीपणामुळे तुमच्या दोन बाटल्या खराब झाल्या, मला क्षमा करा. खाली त्यांनी मराठीत सही केली. ते पत्र मी माझ्या हाताने टपालपेटीत टाकलं.

फिटरचं कार्ड आलं. 'वाइन यंत्र नाही. ती कधी कधी मरते. दुःख करू नका.' आबांनी ते ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पुढे दर वेळी तिथे चहा पिताना माझ्या कपाखाली ते कार्ड असायचं.

बदल हळूहळू झाला. आबांनी खोल्यांमध्ये मीटर बसवले, जे बसवायला हवेच होते. पण पूर्वी मीटर आणि नाक जुळलं नाही तर ते मीटर तपासायचे. आता नाक गप्प बसवायचे. अक्का एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "याच्या बापानं जन्मभर वासावर खोली चालवली. आता हा डबीले विचारतो." आबा हसून म्हणाले, "डबी चुकत नई आई. मी चुकतो."

चौथ्या वेळी पेटीतली बाटली उघडली. तशी वाइन मी आयुष्यात दुसरी प्यायलो नाही. कडेला विटेचा रंग, मधोमध अजून माणकासारखा लाल. तुरटपणा रेशमासारखा झाला होता. वास सारखा बदलत होता, आधी सुकी पानं, मग चामडं, मग काहीतरी गोड, जे मला सापडत नव्हतं. मी आबांना विचारलं की हे काय आहे.

"तुमी सांगा."

"मला नाव येत नाही. तुम्हाला येतंय, मला दिसतंय तुमच्या तोंडावर."

"नको भाऊ. मले त्या दिवशी पण उन्हाचा वास आला होता. छातीठोक सांगितलं होतं मी. निघालं काय? गॅस." त्यांनी पेला ठेवून दिला. "माझ्या नाकाचं काही खरं नाही. तुमी लिहा, मी सही करतो."

त्या वेळी ते चालायलाही गेले नाहीत. मी सांगू शकलो असतो. ऑफिसात दोघंच होतो. मी वहीत नेहमीचे शब्द लिहिले, 'सुकी पानं, चामडं, दीर्घ चव', आणि तो गोड वास कशाचा होता हे कायमचं राहून गेलं.

त्यानंतर तीन वर्षांनी इटलीहून फिटरच्या मुलीचा ईमेल आला. वडील गेले, असं तिने कळवलं होतं. त्यांच्या कागदांत तुमची सगळी पत्रं जपून ठेवलेली सापडली, म्हणून कळवते आहे. सगळी पत्रं म्हणजे तेही पत्र.

मी निवृत्त होऊन धुळ्याला आलो. शेवटच्या बाटलीचं वर्ष आलं आणि मी पुढे ढकलत राहिलो. पहिल्या वर्षी साथीचं निमित्त होतं. त्या साथीत मला ताप आला आणि वास गेला तो पुरता परतलाच नाही. मग मोतीबिंदू, मग गुडघा, मग पत्नीची तब्येत. आबा फोनवर विचारत, "भाऊ, ती एक बाटली थांबेल हाये." मी म्हणायचो, येतो, येतो. मला ठाऊक होतं की आता वास घेणारं नाक आमच्यात एकच उरलं आहे आणि ते मीच मिटवलं आहे. न सांगता ती बाटली उघडली तर आबा पेला माझ्यापुढे सरकवणार आणि मी पुन्हा काहीतरी रचणार.

खरं काय ते पत्नीला ठाऊक होतं, कारण कपाटातल्या बाटल्यांना हात तिचाच लागला होता. या हिवाळ्यात ती एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही सांगतस का मी फोन लावू? तो माणूस मरी गया ना, मंग रडत बसशात." मी दुसऱ्या दिवशी निघालो.

आबांचं ऑफिस तेच आहे. बाटली टेबलावर उभी होती. शेजारी दोन पेले आणि एक कोरा कागद. आबा थकले आहेत, ऐकायला थोडं कमी येतं. मी बसल्याबरोबर सांगितलं, कारण चहा घेतला असता तर राहून गेलं असतं. मला मोठ्याने सांगावं लागलं. अशी कबुली ओरडून द्यावी लागणं ही वेगळीच शिक्षा आहे.

त्यांनी एकदाही मधे अडवलं नाही. मग चौकशी सुरू केली, पंचनामा केल्यासारखी.

"किती दिवस?"

"सतरा."

"वर का खाली?"

"वर. लोखंडी कपाटात."

"पत्रा?"

"स्लॅब."

"अन् गॅस?"

"गॅस वाइनला काही करत नाही, आबा. कधीच करत नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

ते उठले आणि खिडकीशी गेले. बाहेर गाडीत खोकी भरत होते. आबा मला पाठ करून उभे राहिले.

"वाइनचं जाऊ द्या," ते तसेच म्हणाले. "दोन बाटल्या काय, मी दहा फोडल्या असत्या तुमच्या पोरीच्या लग्नात. विचारायचं होतं." मग वळले. चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "पण तुमी माझ्या नावानं माफी मागितली त्या माणसाची. माझ्या नावानं! मी नई केलं ते मी केलं म्हणून लिहून घेतलं माझ्याकडून. अन् तो तसाच गेला ना भाऊ. सावद्याच्या आबानं माझी वाइन मारली, असं समजून गेला."

"हो."

"त्याची पोरगी हाये ना?"

"आहे."

"मंग लिहा. आता. आठीच, माझ्यासमोर बसून. तिच्या बापाजवळचं पत्र खोटं हाये म्हणून लिहा."

मी फोन काढला. माझी बोटं जाड आणि अक्षरं बारीक. अर्धा तास लागला. आबा शेजारी उभे राहून विचारत होते, सतरा दिवस लिहिलं का, कोणाच्या घरी ते लिहिलं का, नाव घातलं का. मी सगळं घातलं. पाठवल्यावर त्यांनी ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. मग त्यांनी काच उचलली, खालचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमचं हाये," ते म्हणाले. "तुमाले आलं होतं."

मला वाटलं, आता ते जा म्हणतील. ते खुर्चीवर बसले आणि बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उघडा. दोन दिवसांची उभी हाये, परत आडवी करता येत नई."

बूच अर्ध्यावर तुटलं, ते मी हळूहळू काढलं. वाइन फिकट होती, जुन्या विटेसारखी, कडेला पाण्यासारखी. मला वास आला नाही. तोंडात मात्र मऊ लागली, आंबटपणा जागेवर होता, आणि मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, "अजून टिकून आहे, आबा. चांगली आहे."

आबांनी पेल्यात नाक घातलं. डोळे मिटले. मला भीती होती की ते म्हणतील, तुमी म्हणता तर असेल.

"नई," ते म्हणाले.

"नाही?"

"नई भाऊ. गेली ही. चार वर्षं झाली असतील. गुलाब नाही, डांबर पण नाही. ओल्या काथ्याचा वास हाये, अन् चिंचेचं पाणी. तुमाले पाहिजे म्हणून ती चांगली होणार नाही." त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि तोंडात फिरवला. "ठरल्या वर्षी उघडली असती तर सापडली असती. काहून पुढे ढकलत होता ते आता समजलं मले."

मी वही काढली. तिसऱ्या नोंदीवर रेघ मारली, खाली खरं कारण आणि आजची तारीख लिहिली. मग पाचवी नोंद लिहायला घेतली आणि त्यांना म्हटलं, या वेळी तुम्ही सांगा, मी फक्त लिहितो. आबांनी सांगितलं. काथ्या, चिंच, घरात बंद राहिलेल्या ट्रंकेचा वास, शेवटी अगदी थोडं काहीतरी जे अक्कांच्या डब्यातल्या वेखंडासारखं होतं. ते थांबत थांबत सांगत होते, काही वेळा पेला परत हुंगून आधीचं बदलत होते. माझ्यावरचा राग त्यांच्या आवाजात शेवटपर्यंत होता.

लिहून झालं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, वही ओढून घेतली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे 'सुंदर' कुठून आलं?"

"मी घातलं. एके काळी सुंदर होती, अशा अर्थाने."

"मी म्हटलं नव्हतं. काढा."

मी तो शब्द खोडला. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं आणि मग सही केली.